महिला मॅनेजर म्हणजे हमखास चांगली कामगिरी? थोडा खुलासा

‘बाई मॅनेजर असली की टीमची कामगिरी वाढते, हे संशोधनाने सिद्ध झालंय’ असा दावा सध्या फिरतोय. हेतू चांगला असेल, पण संशोधन असं म्हणत नाही.

मानसशास्त्रज्ञ एलिस ईगली आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माणसांना प्रेरणा देणं, घडवणं, चांगल्या कामाची दखल घेणं यांत महिला पुरुषांपेक्षा पुढे दिसल्या, पण किंचितच. मॅनेजर बाई आहे एवढ्यावरून तिची शैली ओळखता येईल, इतका हा फरक मोठा नाही. शिवाय ही मोजणी शैलीची होती, टीमच्या कामगिरीची नव्हे.

नेतृत्व कितपत परिणामकारक, हे ईगलींनीच १९९५ मध्ये तपासलं होतं. एकूण फरक निघालाच नाही. क्षेत्रागणिक मात्र निघाला: लष्करात पुरुष सरस, शिक्षण आणि समाजसेवेत महिला. त्यातली बरीचशी मापं म्हणजे माणसांनी माणसांना दिलेले गुण, आणि इथेच खरी गोम आहे. ईगली आणि सहकाऱ्यांच्याच १९९२ च्या आढाव्यात दिसलं की हुकूम सोडण्याची शैली तीच असली, तरी पुरुषापेक्षा बाईला कमी गुण पडतात.