खुलासा : पॉलिमर मिसळलं तरी नॅनोट्यूब हाताळताना मास्क हवाच

रबाळे-महापे पट्ट्यातल्या कामगारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'कार्बन नॅनोट्यूबमध्ये कॉन्जुगेटेड पॉलिमर घातलं की त्या पाण्यात साखरेसारख्या विरघळतात, मग मास्क लागत नाही.' मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून स्पष्ट सांगते, हे चुकीचं आहे.

नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. त्या एकमेकींना चिकटून त्यांच्या जुड्या होतात. पी३एचटी किंवा पॉलिफ्लोरीनसारखं कॉन्जुगेटेड पॉलिमर, म्हणजे एकाआड एक दुहेरी बंध असलेली लांब रेणूसाखळी, नळीला वेढतं, त्याच्या बाजूच्या साखळ्यांमुळे जुड्या सुटतात आणि नळ्या द्रावकात तरंगत राहतात. ते द्रावक बहुधा टोल्युईन किंवा क्लोरोफॉर्म असतं, पाणी नव्हे. नळीशी पक्का रासायनिक बंध होत नाही, त्यामुळे तिचे विद्युत गुणधर्म टिकतात. म्हणूनच ही पद्धत मोलाची आहे. पॉलिफ्लोरीन तर अर्धवाहक नळ्या निवडून वेगळ्या काढतं, हे २००७ मध्येच दिसलं. खरंच सुंदर काम!

पण मूळ नळी तशीच राहते. आणि पॉलिमर घालण्याआधी हाताळावी लागते ती कोरडी पूड, जी हवेत उडते. एमडब्ल्यूसीएनटी-७ या अनेक थरांच्या नॅनोट्यूबच्या प्रकाराला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) २बी गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होऊ शकेल अशा पदार्थांत, ठेवलं आहे. टोल्युईनच्या वाफेचा त्रास वेगळाच.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.