अलास्का भाड्याने दिलेला नव्हता

'रशियाच्या राणी कॅथरीनने अलास्का ९९ वर्षांसाठी भाड्याने दिला, मुदत संपली तरी अमेरिकेने परत केला नाही', हा मजकूर व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरतोय. 'अमेरिकन लोक या बर्फाला हसले' अशी पुरवणीही त्याला आहे. चांगली शिकलेली माणसं तो पुढे ढकलतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

कॅथरीन १७९६ मध्येच वारली. व्यवहार झाला ३० मार्च १८६७ ला, झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या काळात.

भाडेपट्टा म्हणावा तर करारात मुदत नाही, परतीचं कलम नाही. ७२ लाख डॉलर एकरकमी, म्हणजे एकरी जेमतेम २ सेंट, आणि त्या बदल्यात प्रदेश कायमचा अमेरिकेच्या नावावर. १८ ऑक्टोबर १८६७ ला सिटका गावात रशियाचा झेंडा उतरला आणि अमेरिकेचा चढला. तरीही ९९ वर्षं धरायचीच असतील तर मुदत १९६६ मध्ये भरते. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत असा कागद हाती असता, तर सोव्हिएत संघाने तो जगभर नाचवला असता!

रशियाने वेडेपणाने विकला, हेही मला पटत नाही. क्रिमियाच्या युद्धात तिजोरी रिकामी झाली होती, समुद्री ऊदमांजरांच्या कातडीचा धंदा शिकारीमुळे बसला होता, आणि शेजारी कॅनडात ब्रिटिश होते. लढाई झाली तर हा मुलूख राखता येणार नाही, फुकट जाईल, ही भीती खरी होती.

अमेरिकेतल्या काही वर्तमानपत्रांनी टर उडवली, हे खरं. पण सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, करार ३७ विरुद्ध २ मतांनी मंजूर केला.

मला खरी खंत वाटते ती या मजकुरात ज्यांचं नावही नसतं त्यांची. महाराष्ट्राच्या साडेपाच पट मोठ्या त्या मुलखात रशियन माणसं जेमतेम काहीशे होती. ट्लिंगिट, हायडा, युपिक, इनुपियाक हे लोक मात्र हजारो वर्षं तिथे राहत होते. विकताना त्यांना कोणी विचारलं नाही. १९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बे इथे तेल सापडलं, पाइपलाइनसाठी जमिनीची मालकी ठरवणं भाग पडलं, तेव्हा कुठे १९७१ च्या कायद्याने त्यांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. उरलेल्या जमिनीवरचा हक्क त्याच कायद्याने संपला.