फ्यूज शाबूत, वायर भाजलेली

आत्तेभावाने तीन दिवसांपूर्वी तो मेसेज मला पाठवला, तेव्हा मी नेहमीसारखा न वाचताच सोडून दिला. काल त्याचा फोन आला, "अरे, ब्लोअर लावला की डॅशबोर्डमागून प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतोय." म्हणजे पठ्ठ्याने मेसेज नुसता पुढे ढकलला नव्हता, अमलातही आणला होता.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: गाडीच्या एसी-हीटरचा फ्यूज सारखा उडत असेल तर मेकॅनिककडे लुटून घेऊ नका. एक, जास्त अँपिअरचा फ्यूज टाका. दोन, एसी लावताच उडत असेल तर गॅस कमी आहे, भरून घ्या. तीन, केबिन फिल्टर तुंबल्याने मोटरवर लोड येतो. चार, अडीअडचणीला उडालेल्या फ्यूजवर चॉकलेटची चांदी गुंडाळा. पाच, सरळ ब्लोअर मोटर बदला, विषय संपला.

पहिल्याच मुद्द्याला डोकं फिरलं. फ्यूज मोटर वाचवायला नसतो हो, वायर वाचवायला असतो. वायरची जाडी बघून कंपनीने, समजा, 15 अँपिअर ठरवलेले असतात. तिथे 30 चा खोचला म्हणून वायर जाड होत नाही. गाड्यांच्या फ्यूजसाठी आयएसओ 8820 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पात्यांच्या, म्हणजे दोन चपट्या पायांच्या, फ्यूजसाठी त्यातल्या दोनच अटी बघा. दुप्पट करंट आला तर फ्यूज पाच सेकंदांच्या आत उडायलाच हवा, आणि 110 टक्के करंट 100 तास वाहिला तरी उडता कामा नये. आता हिशेब करा. 15 च्या निळ्या फ्यूजमधून 30 अँपिअर गेले तर पाच सेकंदांत खेळ खलास. त्या जागी 30 चा हिरवा असेल तर तो 33 अँपिअर 100 तास मुकाट्याने सोडत बसेल, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 15 साठी घातलेली वायर जवळपास पाचपट तापणार, तीही डॅशबोर्डमागे, फोम आणि प्लास्टिकच्या कुशीत.

आत्तेभावाचा फ्यूजबॉक्स उघडला. निळ्याच्या जागी हिरवा. उपसून पाहिला तर आतली पट्टी अखंड, पाय मात्र काळे पडलेले, आणि खाचेचं प्लास्टिक तपकिरी होऊन एका कडेला वाकलेलं. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावला आणि ब्लोअर फुल केला: 22 अँपिअर. म्हणजे आधीचा निळा फ्यूज पाच-सात मिनिटांनी उडायचा तो बरोबरच उडायचा. त्या गाडीत शहाण्यासारखं तोच एकटा वागत होता.

चांदीबद्दल काय बोलायचं? हिरव्या फ्यूजला निदान 30 ची मर्यादा तरी असते. चांदीला कसलीच नाही.

गॅसचा मुद्दा उलटाच आहे. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा विजेचा भाग) लागूच देत नाही, मग करंट वाढेल कुठून? एसीचं बटण दाबताक्षणी फ्यूज जात असेल तर क्लचची कॉइल बघा. धडधाकट कॉइल साधारण तीन-चार अँपिअर घेते. आतले वेढे एकमेकांना चिकटले की जास्त ओढते. कॉइलला जोडलेला छोटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट झाला तरी तेच.

फिल्टरच्या बाबतीत थोडं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा कमी वाहते, आणि पिंजऱ्यासारख्या ब्लोअरला हवाच कमी ढकलावी लागली तर तो सहसा कमी करंट घेतो, जास्त नाही. पण फिल्टर फाटलेला असेल किंवा बसवलेलाच नसेल, तर पालापाचोळा आत जाऊन पंखा अडकतो, आणि अडकलेली मोटर फ्यूज उडवणारच. तेव्हा फिल्टर बघाच, फक्त मेसेजमधल्या कारणासाठी नको.

राहिली मोटर. बदलण्याआधी फ्यूज कधी उडतो ते तरी बघा. चालू करताच उडाला तर शॉर्ट किंवा जाम मोटर, काही मिनिटांनी उडाला तर जड झालेली मोटर, खड्ड्यात गाडी आदळल्यावरच उडाला तर कुठेतरी पत्र्याला घासलेली वायर. मोटरचा प्लग काढा आणि फ्यूजच्या जागी 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडा. त्यातून साडेचार अँपिअरच्या आसपासच जातात, वायर भाजत नाही. ब्लोअरचं बटण चालू केल्यावर बल्ब झगझगीत पेटला तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे. मग नवी मोटर घालूनही फ्यूज उडतच राहणार. फक्त हे ब्लोअरच्या लाइनीवरच करा, एअरबॅगच्या वाटेला जाऊ नका.

आत्तेभावाच्या गाडीत बल्ब पेटला नाही. मोटर खाली काढून पंखा हाताने फिरवला तर आत वाळू गेल्यासारखा खरखरला, बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, सुकलेलं. म्हणजे पाचवा मुद्दा त्याच्यापुरता खरा निघाला, आणि हे त्याने मला दोनदा ऐकवलं. मोटर बदलायचीच होती. फ्यूजची खाच, कनेक्टर आणि वीतभर वायर मात्र पहिल्या मुद्द्याच्या कृपेने.