गावकऱ्यांच्या छत्रीला कुलूप नेमकं कोणाचं?

अमेरिकेतल्या टीव्हीबद्दलचा एक दावा अधूनमधून फिरत असतो. थोडक्यात तो असा: तिथल्या खेड्यातल्या माणसाने स्वतःचे पैसे मोजून डिश लावली, तरी त्याला न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचं चॅनल बघायला कायद्याने बंदी आहे. सिग्नल फुकटचा, आकाशातून अख्ख्या देशावर पडणारा. पण बड्या चॅनलवाल्यांनी सरकारला हाताशी धरलं आणि गावकऱ्यांच्या छत्रीला कुलूप घातलं. ज्यांना आधी दिसत होतं त्यांचंही एका रात्रीत काढून घेतलं. वर शेलका टोमणा, ‘आणि हे म्हणे स्वातंत्र्याचं माहेरघर!’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्यातरी खऱ्या घटनेला चिकटलेलं आहे. नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून झटकता येत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण आपल्या सवयीमुळे इथेच गल्लत होते. आपल्याकडे खासगी चॅनल म्हणजे देशभर एकच चॅनल. गडचिरोलीत दिसतं तेच गोरेगावात. अमेरिकेतली एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि फॉक्स ही अशी चॅनेलं नव्हेत. ती नेटवर्कं आहेत. संध्याकाळच्या मालिका, राष्ट्रीय बातम्या, मोठे सामने ती पुरवतात. प्रत्यक्ष प्रक्षेपण करतात गावोगावची स्टेशनं, आणि त्यातली बहुतेक नेटवर्कच्या मालकीची नसतात. उरलेल्या वेळात त्यांच्या स्वतःच्या बातम्या, स्थानिक हवामान, स्थानिक जाहिराती. प्रत्येक स्टेशनाचा इलाखा ठरलेला. आपल्याकडे सिनेमाचे वितरक सर्किटं वाटून घ्यायचे, विदर्भ सीपी-बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाममध्ये, आणि एका सर्किटच्या हक्कदाराच्या हद्दीत दुसऱ्याने प्रिंट आणून लावली की भांडण व्हायचं. तसंच हे.

आता ‘सिग्नल फुकटचा’ या मुद्द्याकडे. न्यूयॉर्कच्या स्टेशनाचा सिग्नल फुकट आहे तो न्यूयॉर्कच्या परिसरात, अँटेना लावणाऱ्याला. डिश कंपनी तो सिग्नल उचलते, उपग्रहावर चढवते आणि दूरच्या मोंटाना राज्यातल्या ग्राहकाला दरमहा पैसे घेऊन विकते, तेव्हा तो फुकटचा राहत नाही. त्यात कार्यक्रमांचे हक्क असलेल्या पन्नास जणांचा माल असतो. त्या प्रत्येकाची परवानगी काढत बसायचं तर धंदाच उभा राहणार नाही.

आणि इथेच दाव्यातला सगळ्यात मोठा उलटा भाग आहे. 1988 च्या कायद्याने, म्हणजे सॅटेलाइट होम व्ह्यूअर अॅक्टने, गावकऱ्यांना अडवलं नाही. उलट त्यांच्यासाठीच भिंतीत दार काढलं. त्याआधीची स्थिती आठवा. खेड्यांत अंगणात दहा-दहा फुटी छत्र्या उभ्या होत्या, कारण तिथे ना केबल पोचली होती ना धड टॉवर. 1979 पासून अशा छत्रीला परवाना लागत नव्हता. मग 15 जानेवारी 1986 ला एचबीओ या सिनेमांच्या सशुल्क चॅनलने आपला सिग्नल कायमचा स्क्रॅम्बल केला, म्हणजे पैसे न भरणाऱ्याला चित्र दिसेनासं केलं, आणि पाठोपाठ इतरांनीही. हजारो डॉलरची छत्री घेतलेला माणूस रागावणं साहजिक होतं. त्या रागाला अमेरिकी संसदेने दिलेलं एक उत्तर म्हणजे हा कायदा. डिश कंपन्यांना सक्तीचा परवाना मिळाला: कोणाचीही वेगळी परवानगी न घेता दूरच्या नेटवर्क स्टेशनाचा सिग्नल विका आणि दर ग्राहकामागे महिन्याला ठरलेली रक्कम सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात भरा. सुरुवातीची रक्कम होती नेटवर्क स्टेशनामागे 3 सेंट. लूट म्हणावी असा हा आकडा नव्हे.

मुख्य अट एकच, पण तीच मेख. ग्राहकाचं घर ‘सेवा न पोचलेलं’ हवं. म्हणजे छपरावरच्या साध्या अँटेनावर त्या नेटवर्कच्या कुठल्याही स्टेशनाचा पुरेसा सिग्नल तिथे मिळता कामा नये. थोडक्यात, दूरची चॅनेलं बघण्याची सोय होती ती खेड्यातल्यांना, आणि बंदी होती शहरातल्यांना. फिरणारा दावा बरोब्बर डोक्यावर उभा आहे.

मग ‘आधी दिसत होतं ते काढून घेतलं’ हे कुठून आलं? ते झालं खरं, दोनदा. 1990 च्या दशकात छोटी डिश आली आणि शहरांच्या उपनगरांतही खपू लागली. प्राइमटाइम 24 नावाची कंपनी दूरची नेटवर्कं विकत होती. ग्राहक पात्र आहे की नाही हे ठरवायची तिची पद्धत साधी होती: अँटेनावर चित्र नीट दिसतं का, असं त्यालाच विचारायचं. आता पूर्वेचं स्टेशन लावलं की पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाला मालिका तीन तास आधी बघायला मिळतात, रविवारी दुसऱ्या भागातला फुटबॉलचा सामना मिळतो. अशा माणसाला चित्र कसं दिसतं असं विचारलं तर तो काय सांगणार? मायामीच्या न्यायालयात सीबीएस आणि इतरांनी खटला भरला, 1998 मध्ये कंपनी हरली आणि 1999 च्या सुरुवातीला लाखो घरांची जोडणी तोडायची वेळ आली. त्यात खोटं बोललेले होते तसे खरोखर काहीच न दिसणारेही होते.

दुसरी वेळ 2006 ची. आता आरोपी होती इकोस्टार, म्हणजे डिश नेटवर्क. अपात्र घरांना चॅनेलं देण्याचा तिचा सरसकट प्रकार न्यायालयात सिद्ध झाला, आणि कायद्यात अशा वेळची शिक्षा ठरलेली होती: संपूर्ण देशभर मनाई. 1 डिसेंबर 2006 पासून तिच्या पात्र ग्राहकांचीही दूरची नेटवर्कं गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. पण या सुळीला जबाबदार कोण? माझ्या मते आधी कंपनी, मग एवढी आंधळी शिक्षा लिहिणारे कायदेकर्ते. ‘चॅनलवाल्यांनी गावकऱ्यांचं हिरावलं’ असं म्हटलं की ज्याने नियम मोडून धंदा वाढवला तो अलगद सुटतो.

एका बाबतीत मात्र तक्रार करणाऱ्यांची बाजू मी घेईन, आणि ती म्हणजे ‘पुरेसा सिग्नल’ मोजण्याची पद्धत. मोजपट्टी होती ‘ग्रेड बी’, 1950 च्या दशकातली. चॅनल 2 ते 6 साठी 47 डीबीयू (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), 7 ते 13 साठी 56, त्यावरच्या चॅनेलांसाठी 64. हा आकडा फक्त ताकद सांगतो, चित्राचा दर्जा नाही. दरीतल्या घरात सिग्नल डोंगरावर आपटून दोन वाटांनी येतो. पडद्यावर निवेदकाच्या खांद्याला चिकटून त्याचीच फिकट सावली उभी राहते. ताकद भरपूर, चित्र कुचकामी. कायद्याच्या लेखी हे घर सेवा पोचलेलं. शिवाय 1999 पासून प्रत्येक घर मोजण्याऐवजी आधी संगणकातलं भूप्रदेशाचं मॉडेल निकाल देणार, असं ठरलं. ग्राहकाने फोन केला की कंपनीचा माणूस पत्ता टाकणार आणि स्क्रीनवर बघून हो किंवा नाही सांगणार. उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं नसतं.

नकार आला तर पुढची वाट होती, पण लांबची. स्थानिक स्टेशनाकडे लेखी सूट मागायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर सूट मिळाली असं धरायचं. स्टेशनाने नाही म्हटलं तर प्रत्यक्ष मोजणी मागायची. माणूस येणार, एकमजली घर असेल तर सुमारे 20 फुटांवर आणि त्याहून उंच असेल तर 30 फुटांवर अँटेना धरणार, किमान पाच जागी मोजणार. खर्च स्टेशन आणि डिश कंपनी यांच्यात जो हरेल त्याचा. कागदावर न्याय्य आहे सगळं. पण एक मालिका बघायला एवढा खटाटोप कोण करणार? 1999 च्या कायद्याने फिरत्या घरगाड्या आणि मालाचे ट्रक यांना मात्र मोजणीतून सूटच दिली. गाडीचे नोंदणीचे कागद आणि सहीचं निवेदन पाठवा, दूरची चॅनेलं घ्या. चाकांवरचं घर पात्र आणि दरीतलं अपात्र, यावर हसावं की रडावं!

‘गावकऱ्यांना काहीच मिळालं नाही’ हेही मग तपासावं लागतं. 1999 च्या त्याच कायद्याने डिश कंपन्यांना त्या-त्या भागातली स्थानिक स्टेशनंच उपग्रहावरून दाखवायची मुभा दिली. दूरच्या चॅनेलांची बरीचशी गरज त्यानेच संपली. अडचण अशी की कंपन्यांनी आधी मोठी शहरं घेतली; उपग्रहावरची जागा मर्यादित, आणि लहान गावांत ग्राहक थोडे. टीव्हीसाठी देशाचे 210 विभाग पाडलेले आहेत, त्यांना ‘बाजार’ म्हणतात. डिश नेटवर्कने या सगळ्या 210 बाजारांत स्थानिक चॅनेलं दिली ती 2010 मध्ये, तीही 2006 ची मनाई उठवून घेण्याचा मोबदला म्हणून. डायरेक्टीव्ही या दुसऱ्या डिश कंपनीने 2019 पर्यंत 12 छोट्या बाजारांत ती दिलीच नव्हती, त्यात मोंटानातलं ग्लेंडाइव्ह हे 210 व्या क्रमांकाचंही आलं. तेव्हा त्या वर्षअखेरीच्या कायद्याने दूरच्या चॅनेलांचा परवाना जवळजवळ गुंडाळला: राहिला तो घरगाड्या आणि ट्रकांपुरता, आणि ज्या बाजारात चारपैकी एखाद्या नेटवर्कचं स्टेशनच नाही त्याच्यापुरता, शिवाय तो वापरायचा असेल तर 210 च्या 210 बाजारांत स्थानिक चॅनेलं द्यायची.

खरा अन्याय या ‘बाजार’ नावाच्या गोष्टीत आहे, आणि फिरणाऱ्या दाव्यात तिचा उल्लेखही नसतो. हे 210 बाजार आखले नील्सन या खासगी कंपनीने, जाहिरातींचे दर ठरवण्यासाठी, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) हे एकक धरून. राज्याच्या सीमेशी त्यांचं देणंघेणं नाही. पण कायद्यात ‘स्थानिक’ ठरतं ते याच नकाशावर. कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यातली ला प्लाटा काउंटी, जिचं मुख्य गाव दुरँगो, या नकाशात न्यू मेक्सिकोच्या अल्बुकर्की बाजारात पडते. तिथल्या माणसाला डिशवर ‘स्थानिक’ म्हणून शेजारच्या राज्याच्या गव्हर्नरच्या निवडणुकीच्या जाहिराती दिसायच्या. स्वतःच्या राजधानीतल्या, डेन्व्हरच्या बातम्या त्याच्यासाठी ‘दूरच्या’ होत्या. त्याला न्यूयॉर्क नको होतं; आपल्या आमदाराने काय केलं ते हवं होतं.

2014 च्या कायद्याने अशा काउंट्यांना दुरुस्तीचा अर्ज करायची सोय केली आणि ला प्लाटाने तो केलाही. पण अर्ज एकेका स्टेशनासाठी वेगळा. डेन्व्हरची चॅनेलं उपग्रहाच्या ज्या ठरावीक भागापुरत्या झोताने येतात तो त्या कोपऱ्यावर पडत नसेल, तर तांत्रिकदृष्ट्या जमत नाही असं सांगून कंपनी सुटू शकते. आणि अर्ज मंजूर झाला तरी चॅनल लगेच दिसत नाही: मोबदला मागणाऱ्या स्टेशनाचा डिश कंपनीशी करार व्हावा लागतो, आणि त्या वाटाघाटीत काउंटीला बसता येत नाही.