उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

‘सर्व्हिसिंगच्या नावाखाली चाललेली लूट थांबवा, गाडीवाल्यांसाठी सहा सूत्रं’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. खाली ‘अनुभवी मेकॅनिकचा सल्ला’ अशी ओळ आणि जोडलेले हात. नेहमीसारखं दुर्लक्ष केलं असतं. पण माझ्या दाजींनी तो वाचून चारही टायरची हवा 33 वरून 24 वर आणली, आणि भर उन्हात ताईला नि भाच्यांना घेऊन हायवेला लागायच्या तयारीत होते. तेव्हा आता बोलतोच.

मेसेज काय म्हणतो ते थोडक्यात. एक, इंजिन तापलं की लगेच रेडिएटरचं झाकण काढून गार पाणी ओता. कूलंटची गरज नाही, साधं पाणी पुरतं. दोन, इंजिन ऑइल काळं झाल्याशिवाय बदलू नका. तीन, उन्हाळ्यात टायरची हवा आठ-दहा पॉइंट कमी ठेवा, टायर फुटणार नाही. चार, ब्रेक ऑइलची लेव्हल ठीक असेल तर ते बदलायची कधीच गरज नसते. पाच, चेक इंजिनचा दिवा लागला तर बॅटरीची वायर काढून पुन्हा लावा. सहा, रोज सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माणसं मारणारा मुद्दा तोच आहे.

हवा तापली की दाब वाढतो, इथवर बरोबर. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की एक पीएसआय वाढतो. (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक, पंपावर आपण ज्याला ‘पॉइंट’ म्हणतो तेच.) सकाळी थंड टायरमध्ये 33 भरली असेल तर हायवेवर तासभर पळाल्यावर मीटर 37-38 दाखवेल. दाखवू दे. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला 44 किंवा 51 हा आकडा वेगळा. ती कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नसते. पण 38 ला टायर फुटेल ही भीती किती फोल आहे, हे त्यावरून कळतं.

चांगला टायर हायवेवर फुटतो तो बहुतेकदा आतून तापल्यामुळे, आणि तो तापतो हवा कमी असल्यामुळे. कमी हवेचा टायर रस्त्याला टेकला की त्याची बाजू दबते, सुटली की पुन्हा ताठ होते. ताशी 100 च्या वेगाला टायरचे मिनिटाला आठ-नऊशे फेरे होतात आणि दर फेऱ्याला ही मोड होते. रबर आणि त्यातले पोलादी तारांचे पट्टे तापत जातात, एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून काहीही दिसत नाही. मग वरचा थर सोलून निघतो आणि गाडी हातात राहत नाही.

हा माझा तर्क नाही. अमेरिकेत 2000 साली फायरस्टोन कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले, त्यातले बहुतेक फोर्ड एक्सप्लोररला लागलेले. वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. अडीचशेहून जास्त माणसं गेली. फोर्डने त्या गाडीसाठी 26 पीएसआय सांगितलं होतं, फायरस्टोनचं म्हणणं पडलं की 30 हवं. दोन्ही कंपन्यांनी एकमेकांवर खापर फोडलं, आणि टायरमध्ये दोष होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण तक्रारींचा जोर कुठे होता? ॲरिझोना, टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया. म्हणजे उन्हाची राज्यं. कमी हवा, ऊन, वेग आणि भरलेली गाडी, हे सगळं एकत्र आलं की काय होतं ते जगाने तेव्हा पाहिलं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि त्यातून पुढे नव्या गाड्यांना टायरची हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. हवा ठरल्यापेक्षा 25 टक्के कमी झाली की तो दिवा लागलाच पाहिजे. दाजींनी 33 ची 24 केली, म्हणजे 27 टक्के कमी. जे झाल्यावर गाडीने धोक्याचा दिवा लावायचा, ते हा मेसेज मुद्दाम करायला सांगतोय!

त्यांच्या पुढच्या टायरवरून हात फिरवला तर दोन्ही कडा गुळगुळीत आणि मधली नक्षी शाबूत. हवा वरचेवर कमी राहिली की टायर असाच झिजतो. उलट मधलाच भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली जातेय. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, ते बघून घ्या. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची, आणि चालवून तापलेल्या टायरमधली हवा सोडायची नाही. दाजींनी पुन्हा 33 भरली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आता पहिला मुद्दा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण म्हणजे शिट्टी न काढता उघडलेला कुकर. आत सुमारे एक बार, म्हणजे जवळजवळ बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, जादा दाब असतो, म्हणून 110-115 अंशांनाही पाणी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर आणि हातांवर येते. त्यातून जे वाचतील त्यांनी लाल झालेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं, म्हणजे सिलेंडर हेडला तडा जायची सोय. काटा लालकडे जायला लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, त्याने इंजिनातली थोडी उष्णता बाहेर येते. मग सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद. निदान अर्धा तास बोनेटखाली कशालाही हात लावू नका.

आडरानात कूलंट नसेल तर गार झालेल्या इंजिनात साधं पाणी घालून गॅरेज गाठता येतं, एवढं मान्य. पण कायमचं पाणी नको. कूलंट फक्त थंड ठेवायला नसतं. त्यातली रसायनं ॲल्युमिनियम आणि लोखंड गंजू देत नाहीत. नुसत्या पाण्याने आत गंज आणि क्षार साचतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, आणि मग ‘गाडी सारखी का तापते’ म्हणून लोक डोकं धरून बसतात.

ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो, 3.7 टक्के पाणी शिरल्यावर किमान मर्यादा 140 वर येते. लेव्हल तीच, रंगही जवळपास तोच. मग लांब घाट उतरताना ब्रेक तापतात, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. लेव्हल खाली जात असेल तर नुसतं भरू नका. ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय.

इंजिन ऑइलचा रंग काहीच सांगत नाही. डिझेल गाडीत नवं ऑइल काही दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. किलोमीटर आणि महिने बघा. डिपस्टिकवर ऑइल दुधट दिसलं तर मात्र गाडी दाखवून घ्या, कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता असते.

बॅटरीची वायर काढली की चेक इंजिनचा दिवा जातो, खरं आहे. बिघाड जात नाही, फक्त त्याची नोंद पुसली जाते, आणि मेकॅनिकला जी वाचायची तीच. दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे आत इंधन नीट पेटत नाहीये, आणि सायलेन्सरकडे जाणारा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो; वेग कमी करा, शक्य तितक्या लवकर थांबा. ऑइलच्या बुधलीचं लाल चिन्ह लागलं तर जागच्या जागी इंजिन बंद, ‘जवळच आहे गॅरेज’ म्हणून चालवत नेऊ नका.

सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवणं हे कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांच्या जमान्यातलं. आता अर्धा-एक मिनिट पुरतं, मग पहिली काही मिनिटं सावकाश चालवा.

राहता राहिली लूट. ती होते, हे मी मान्य करतो. गरज नसताना इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), चांगलं असताना बदललेलं फिल्टर, हे प्रकार चालतात आणि लोकांचा राग खरा आहे. त्याला उपाय गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलमध्येच आहे. कोणतं काम किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी करायचं याचा तक्ता त्यात असतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गॅरेजच्या यादीत त्याबाहेरचं काम दिसलं तर कारण विचारा, काम सुरू होण्याआधी अंदाज लिहून घ्या आणि बदललेला पार्ट परत मागा.