'लंडन आफ्टर मिडनाइट' सापडलेला नाही. फॉरवर्ड करणं बंद करा!

आज पुन्हा तीच एआय क्लिप. उंच हॅट घातलेला, दात विचकणारा नट लॉन चेनी, वर 'हरवलेला भयपट अखेर सापडला' आणि खाली आपलीच मंडळी बदाम वाटतायत. अहो, निदान तुम्ही तरी!

दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगचा हा 1927 चा मूकपट. माहीत असलेली शेवटची प्रिंट 1965 मध्ये एमजीएम स्टुडिओच्या, फिल्म ठेवायच्या व्हॉल्टमधल्या आगीत गेली. उरले ते स्टिल फोटो. आणि स्टिल म्हणजे सिनेमातली फ्रेम नव्हे. सेटवर वेगळा फोटोग्राफर नटांना स्थिर उभं करून वेगळ्या कॅमेऱ्यानं ते काढायचा. त्यांनाच एआयनं पापण्या मिचकावायला लावल्या की झाला सिनेमा! नीट बघा, प्रत्येक शॉट एखाद्या गाजलेल्या स्टिलपासूनच सुरू होतो आणि जरा वेळात बोटं एकमेकांत विरघळतात.

2002 मध्ये रिक श्मिडलिननं हेच फोटो पटकथेच्या क्रमानं लावून पाऊण तासाची आवृत्ती केली. फोटो आहेत हे त्यानं लपवलं नाही. एवढी तरी लाज बाळगा.

सिनेमे सापडतात, हो, मान्य. 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाची जवळपास पूर्ण प्रत 2008 मध्ये ब्यूनोस आयरिसला निघालीच की. पण ती डब्यातून निघाली.

तर डब्यांचंच बोलू. कुणाच्या माळ्यावर 1950 च्या आधीची 35 मिमी रिळं असतील तर ती नायट्रेट, म्हणजे झटकन पेटणारी जुनी फिल्म, समजूनच हाताळा. काठावर इंग्रजीत 'नायट्रेट' छापलेलं असतं, पण नेहमीच नाही. आधी चित्र फिकट, तपकिरी होतं, मग इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) चिकट, मग फोड आणि उग्र वास, मग सगळं रीळ एक गोळा, शेवटी तपकिरी भुकटी. चिकटलेली वेटोळी ओढून सोडवू नका, इमल्शन सोलून निघतं. प्रोजेक्टरवर तर अजिबात लावू नका. पेटलं तर पाण्यानं विझत नाही, जळायला लागणारा ऑक्सिजन त्यातच असतो. डबा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, सुटणारे वायू आतच राहून फिल्म आणखी लवकर कुजते. व्हिनेगरसारखा वास आला तर ती अ‍ॅसिटेट, म्हणजे दुसऱ्या प्रकारची फिल्म, तशी पेटायची नाही, पण आक्रसते.

पुण्यातही जानेवारी 2003 मध्ये, जुने सिनेमे जपणाऱ्या राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट व्हॉल्टला आग लागली होती. ते आठवलं की चेनीच्या खोट्या पापण्यांवर चिडायचंही त्राण उरत नाही.

डबा सापडला तर गार, कोरड्या जागी, उन्हापासून आणि गॅसपासून लांब ठेवा, आणि फोन फिल्म अर्काइव्हला करा. भंगारवाल्याला नको, तो फिल्ममधल्या चांदीसाठी नेईल.