कापलं तरी जुळतं

मोड्युलर किचनवाल्याच्या वर्कशॉपमध्ये सिंकसाठी कापून काढलेले, ‘कोरियन’ (Corian) नावाच्या ओट्याच्या कृत्रिम दगडाचे तुकडे कोपऱ्यात उभे असतात. १२ मिलिमीटर जाड, चौरस फुटाला साधारण २ किलो, दुधासारखे पांढरे, आणि गोड बोललं तर फुकट. त्यातून घराच्या नावाची पाटी काढू, असं स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पातं वर-खाली हलवून नक्षी कापणारं मशीन, बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच. मलाही वाटतं. छळ तिथूनच सुरू.

हा पदार्थ दिसायला संगमरवर, कापायला लाकूड आणि वागायला प्लास्टिक. ड्युपॉन्ट या अमेरिकी कंपनीने १९६७ साली काढलेलं हे मिश्रण म्हणजे अंदाजे एक भाग अ‍ॅक्रिलिक आणि दोन भाग खनिजाची पूड. पुडीचा भुसा होतो, घात करतं ते अ‍ॅक्रिलिक. पातं घासून तापलं की ते मऊ पडतं, भुसा त्यात कालवला जातो आणि पात्याच्या मागची फट बुजून जाते. आपण अख्खं अक्षर फिरून येतो, तुकडा उचलायला जातो, तर तो जागचा हलत नाही. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्यांना हे दाखवायला हवं: वाटणी झाली आणि दोन मिनिटांत पुन्हा एकत्र कुटुंब!

यावर उतारा म्हणजे पॅकिंगची पारदर्शक टेप. आधी मास्किंग टेप, तिच्यावर नक्षीचा कागद, वरून ही टेप. तिचा गुळगुळीत थर पात्याला वंगणासारखा पुरतो, आणि शेवटी मास्किंग टेपसकट सगळं सालीसारखं निघतं. कागद थेट कोरियनला चिकटवणाऱ्याने पुढचा रविवार खरवडण्यात घालवायची तयारी ठेवावी.

पातं ५, ७ किंवा ९ नंबरचं, एक दात सोडून एक दात असलेलं. मधल्या मोकळ्या जागेतून भुसा बाहेर पडतो. बारीक दातांचं पातं नाजूक काम देईल ही समजूत इथे गोत्यात आणते: दात भरतात, पातं तापतं आणि अक्षराच्या मधोमध तुटतं. दातांची टोकं खाली हवीत. उलटं बसवलं तर पाटी प्रत्येक ठोक्याला उड्या मारते. वेग मिनिटाला ६०० ते ९०० ठोके पुरे. ढकलू नका, कारण ढकललं की पातं कमरेत वाकतं आणि अक्षर वरून सरळ, खालून तिरकं निघतं. पण विचार करत एका जागी थांबूही नका, तेवढ्यात ते चिकटतं. पातं अडकलंच तर आधी मशीन बंद, मग हलक्या हाताने मागे. हिसका दिला की नवीन पातं.

आता देवनागरी. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, ही मोठीच सोय. पण जिथे अक्षराचं पोट चहूबाजूंनी बंद, तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा, पातं सोडा, ओवा, पुन्हा ताणा. ठसठशीत टाइपात ‘गुरुकृपा’ लिहिलं तर गुरूला एकही भोक लागत नाही. दोन्ही कृपेलाच लागतात, एक ‘क’च्या आणि एक ‘प’च्या पोटात. ‘ष’ आणि ‘ब’ला दोन-दोन. षष्ट्यब्दीची भेट म्हणून कुणी पाटी मागितली, तर तारीख लांबची घ्यावी. आतले कोपरे टोकदार ठेवू नका, तडा तिथूनच जातो. थोडी गोलाई द्या.

भुसा तांदळाच्या पिठीइतका बारीक, म्हणून एन-९५ मास्क लावा, खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद. कडांना २२० नंबरपासून ४००पर्यंत पाणी लावून वॉटर पेपर मारायचा. पांढऱ्या रंगात ओरखडे लपतात. काळा कोरियन निवडणाऱ्याच्या हौसेला माझा नमस्कार.

राहता राहिला अनुस्वार. ‘आनंद’मधला तो ठिपका शिरोरेषेला टेकत नाही, वेगळाच कापावा लागतो, आणि सुटला की मशीनच्या टेबलातल्या भोकातून खाली जातो. म्हणून पाटीखाली दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने पातळ प्लाय लावून मगच कापा. प्लाय न लावणारे नंतर भुसा चाळत बसतात. चाळणी मात्र पिठाची घेऊ नका.